एक कोटी बहात्तर लाख कागद आणि एकच शब्द

१ कोटी ७२ लाख. मराठवाड्यातील इतके जुने कागद २०२३ मध्ये काही आठवड्यांत तपासले गेले आणि त्यांतून ११,५३० कुणबी नोंदी हाती आल्या, असे शासनाने जाहीर केले. त्यानंतरचा सारा वाद दुसऱ्या आकड्यावर झाला. या धाग्याचा विषय पहिला आकडा आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात. अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी येथे २९ ऑगस्ट २०२३ रोजी मनोज जरांगे पाटील उपोषणास बसले. १ सप्टेंबरला लाठीमार झाला. ७ सप्टेंबरला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. निजामकालीन महसुली व शैक्षणिक कागद, सनदा, वंशावळी तपासून कुणबी दाखल्यांची कार्यपद्धती ठरवणे हे तिचे काम. आरक्षण द्यावे की न द्यावे, हा प्रश्न येथे नाही. प्रश्न असा की, एवढे रुमाल सोडले गेले तेव्हा त्यांत वाचले काय गेले?

वाचला गेला एक शब्द. पानावर 'कुणबी' दिसले की पान कामाचे. न दिसले की रुमाल पुन्हा बांधायचा. त्याच पानांवर महार, मांग, कोळी, तेली, मुसलमान, लमाण अशी साऱ्या गावाची माणसे होती. पीक होते, विहीर होती, देणे होते. जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर जे चढले, त्याचे शीर्षकच 'कुणबी नोंदी'. म्हणजे गावाचा इतिहास शासनाच्या हाती आला आणि शासनाने तो चाळणीतून खाली सांडू दिला.

तुलनेसाठी इंग्लंड. १५३८ मध्ये थॉमस क्रॉमवेलने प्रत्येक पॅरिशला बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची वही ठेवण्याचा हुकूम दिला. त्यामुळे टेम्सकाठच्या एखाद्या खेड्यातील मजुराच्या वंशजालाही आपली खापरपणजी सापडू शकते. (हा नव्या कराचा डाव असावा, अशी भीती तेव्हाच्या लोकांना वाटली होती. ती भीती अगदीच अडाणी नव्हती.) गोदाकाठच्या गावाला अशी वही मिळाली नाही. त्याच्या वाट्याला सारा वसूल करणाऱ्याची वही आली. तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत वंशावळी आहेत, पण तेथे पोहोचायला नाशिक-त्र्यंबकची यात्रा परवडावी लागे.

म्हणून महसुली कागद वाचताना पहिला प्रश्न 'यात काय लिहिले आहे' हा नसतो. 'हे कोणी, कशासाठी लिहिले' हा असतो. ज्याच्या नावे जमीन, त्याचे नाव. ज्याला जमीन नाही, तो त्या वहीपुरता जन्मलाच नाही. यावरून 'नोंद नाही, म्हणजे ते कुणबी नव्हतेच' हा दावा जितका पोकळ, तितकाच 'नोंद आहे, म्हणजे ओळख अनादि काळापासून ठरलेली' हाही पोकळ. शब्द स्थिर नसतात. पेशवेकालीन कागदांत 'कुणबीण' म्हणजे बहुधा विकत घेतलेली दासी. शेतकऱ्याची बायको असे समजून वाचणारा तेथे सपशेल फसतो.

वाचनाच्या अडचणीही साध्या नाहीत. लिपी मोडी, भाषा कोठे फारसी, कोठे उर्दू. सन फसली: १३४० म्हणजे इ. स. १९३०-३१, हे ५९० मिळवल्याशिवाय कळत नाही. अंतरवाली नावाची गावे या टापूत एकाहून अधिक, म्हणून जोडनाव सुटले की वंशावळ भलत्याच गावात शिरते. शिवाय अंबड आधी औरंगाबाद जिल्ह्यात होते. जालना जिल्हा १ मे १९८१ चा. त्यामुळे एकाच गावाचा माग अंबड, औरंगाबाद आणि हैदराबाद अशा तीन ठिकाणी काढावा लागतो.

सर्वांत मोठी गळती मात्र स्त्रियांची. दाखल्यासाठी जोडलेली वंशावळ बापाकडून आजोबाकडे, आजोबाकडून पणजोबाकडे जाते. २६ जानेवारी २०२४ च्या मसुद्यात 'सगेसोयरे' हा शब्द आला, तेव्हा काही तरी निराळे घडेल असे वाटले होते. सोयरीक म्हणजे लेकी-सुनांनी जोडलेले नाते. पण त्या मसुद्याची व्याख्याही वडील, आजोबा, पणजोबा याच शिडीने मागे जाते. जिच्यामुळे सोयरे झाले, तिचे नाव कागदावर नाहीच.

'पोरांच्या प्रवेशाचा प्रश्न असताना इतिहास कसला उगाळता?' हा आक्षेप रास्त आहे. दाखला उद्या हवा असतो आणि संशोधकाला सवड असते. पण पान उघडलेलेच होते. वाचणारा समोर बसलेलाच होता. 'कुणबी' शब्द नोंदवताना त्याच ओळीतील नाव, गाव, सन, गट आणि उरलेल्या साऱ्या जाती यांचे रकाने भरणे म्हणजे काम वाढले असते, हे खरे. नवे काम उभे राहिले नसते. मोडी वाचणारे आधीच मोजके, आणि त्यांना पुन्हा त्याच रुमालांपाशी बसवायचे तर खर्च दुसऱ्यांदा करावा लागणार. तो कोणते सरकार करील?

तूर्त एवढी मागणी पुरे: तपासलेल्या प्रत्येक कागदाची, नोंद निघालेल्या आणि न निघालेल्याही, गाववार सूची प्रसिद्ध करावी. १ कोटी ७२ लाख हा आकडा जाहीर करता आला, त्याअर्थी मोजणी झालेलीच आहे.