निमुळता खांब आणि किलोचा दर

भिवंडीच्या नव्या गोदामांत किंवा चाकणच्या कारखान्यांत शिरताना खांबांकडे नजर टाकावी. जमिनीपाशी अरुंद आणि छपरापाशी रुंद असे पोलादी खांब दिसतील. पाहणाऱ्याला ते उलटे उभे केल्यासारखे वाटतात. हिशोब मात्र सरळ आहे. खांब आणि राफ्टर वर घट्ट जोडले व खांबाचा पायथा बिजागरीसारखा ठेवला, तर खांबाला वाकवणारा जोर पायथ्याशी शून्य असतो आणि वरच्या सांध्यापाशी सर्वांत जास्त. जिथे जोर, तिथे पोलाद.

6 मीटर उंच खांबाची 6 मिमी जाड मधली प्लेट सगळीकडे 500 मिमी रुंद न ठेवता खाली 250 आणि वर 500 ठेवली, तर खांबामागे सुमारे 35 किलो पोलाद वाचते. 20 खांबांच्या शेडला 700 किलो. शिवाय 750 मिमी रुंद प्लेट एकदा तिरपी कापली की दोन खांबांचे काम भागते, भंगार जवळजवळ उरतच नाही.

मग आपल्या फॅब्रिकेटर बंधूंना हे काम नकोसे का वाटते? कारण मजुरी किलोवर ठरते. तिरपी कापणी, जुळवणी, लांबच लांब वेल्डिंग. मेहनत वाढते आणि वजन घटते. म्हणजे हुनर दाखवणाऱ्याचेच बिल कमी! या कामाचा दर नगावर किंवा शेडच्या चौरस फुटावर ठरला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

किलोच्या दराचे दुसरे नुकसान अधिक गंभीर आहे. स्वस्तात काम उचलणारा कोणाच्या तरी शेडची मापे उतरवून आणतो आणि वजनाला हलके पण कटकटीचे भाग गाळतो. पहिला बळी जातो तो आतल्या फ्लँजला धरणाऱ्या छोट्या अँगलचा. छपराच्या भाराने सांध्याजवळ खांबाचा आतला फ्लँज दाबला जातो. बाहेरच्या फ्लँजला पत्र्याच्या आडव्या पट्ट्यांचा आधार असतो, आतल्याला कसलाच नाही. तो अँगल नसेल तर फ्लँज बाजूला पिळवटतो आणि पोलाद पुरेसे असूनही खांब जातो.

उतरवलेली मापे दुसरीकडे चालतीलच असेही नाही. भारतीय मानकात वाऱ्याचा मूळ वेग पुण्यासाठी सेकंदाला 39 मीटर, तर मुंबईसाठी 44 मीटर धरला आहे. फरक थोडा वाटतो. पण दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे सव्वापटीहून जास्त. तसेच, ‘मजबुतीसाठी’ पायथा काँक्रीटमध्ये पक्का गाडला की वाकवणारा जोर तिथेही येतो, नेमका सर्वांत अरुंद जागी. क्रेन बसवायची असेल तर सारा हिशोबच नव्याने मांडावा लागतो.

हा हिशोब इंजिनिअरकडूनच करून घ्यावा. खांबाची रुंदी दर फुटाला बदलते, त्यामुळे एका जागेचे गणित पुरत नाही. उंचीचे तुकडे पाडून प्रत्येक ठिकाणी तपासावे लागते. 2007 च्या आयएस 800 मानकात प्लेटची जाडी आणि रुंदी यांच्या प्रमाणाला मर्यादा घातल्या आहेत, त्याही पाहाव्या लागतात. शेड बांधणाऱ्या व्यापाऱ्याने सही केलेला नकाशा मागावा आणि त्यातले छोटे अँगल पत्रा चढण्यापूर्वी स्वतः मोजावेत. इंजिनिअरची फी जास्त वाटत असेल, तर वाचलेल्या 700 किलोंचा आजचा भाव लोखंडाच्या दुकानात विचारून यावा.