निळ्या टोपीची नोकरी

लायबेरियाचे नाव आपल्याकडे फारसे कुणाच्या कानावर नसते. पश्चिम आफ्रिकेतील या लहानशा देशाने १९८९ ते २००३ या काळात दोन यादवी युद्धे सोसली. त्यात सर्वात जास्त भोगले ते बायकांनी. गणवेशातला माणूस दिसला की घराचे दार लावून घ्यायचे, हीच तिथली सवय होऊन बसली होती. अशा देशाच्या राजधानीत, मोनरोव्हियात, २००७ च्या सुरुवातीला भारताच्या केंद्रीय राखीव पोलीस दलातील शंभराहून अधिक महिला उतरल्या. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिमोहिमेत केवळ महिलांची पोलीस तुकडी येण्याची जगातली ती पहिलीच वेळ होती.

त्यांनी रात्रीची गस्त घातली, राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयावर पहारा दिला, दंगलीच्या वेळी रस्त्यावर उभ्या राहिल्या. फावल्या वेळात स्थानिक मुलींना स्वसंरक्षण आणि संगणक शिकवला. दरवर्षी तुकडी बदलत राहिली आणि २०१६ मध्ये शेवटची तुकडी परतली. तोवर लायबेरियाच्या सुरक्षा दलांतील स्त्रियांचे प्रमाण सुमारे सहा टक्क्यांवरून सतरा टक्क्यांवर गेले होते. याचे सगळे श्रेय भारतीय महिलांना देणे बरोबर होणार नाही. पण त्यांना पाहून मुली पोलिसात भरती होऊ लागल्या, हे तिथल्या तत्कालीन राष्ट्राध्यक्षा एलेन जॉन्सन सरलीफ यांनीही मान्य केले.

आंतरराष्ट्रीय सुरक्षा आणि विकास सहकार्य असे जड नाव असलेले क्षेत्र प्रत्यक्षात असे असते. भांडण थांबवायचे आणि थांबल्यावर माणसांना पुन्हा उभे करायचे. ही दोन कामे वेगळी काढता येत नाहीत. अफगाणिस्तानातील झरंज ते देलाराम हा २१८ किलोमीटरचा रस्ता आपल्या सीमा रस्ते संघटनेने बांधला आणि २००९ मध्ये तो त्या देशाच्या स्वाधीन केला. डांबर ओतणाऱ्यांच्या शेजारी भारत-तिबेट सीमा पोलीस बंदूक घेऊन उभे होते. तरीही हल्ल्यांत भारतीय आणि अफगाण, दोन्हीकडची माणसे मारली गेली. त्या रस्त्यावर अभियंता, सर्वेक्षक, गाडीचालक, डॉक्टर, स्वयंपाकी अशा सगळ्यांची गरज होती.

म्हणूनच ‘संयुक्त राष्ट्रांत नोकरी करायची’ एवढेच ठरवून भागत नाही. आधी एक कसब हवे. पाणीपुरवठा, परिचर्या, हिशेब, कायदा, भूसुरुंग काढणे, काहीही चालेल. मात्र ते आपल्या देशात चार-पाच वर्षे नीट केलेले असावे. आंतरराष्ट्रीय संबंधांची पदवी उपयोगी पडते. त्यासाठी दिल्लीचे जवाहरलाल नेहरू विद्यापीठ आहे, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात संरक्षण व सामरिकशास्त्राचा विभाग आहे. पण नुसत्या पदवीवर कुणी बोलावत नाही. इंग्रजीला फ्रेंचची जोड मिळाली तर काँगो आणि मध्य आफ्रिकेची दारे उघडतात.

भारतातून जाणाऱ्यांपैकी बहुतेक जण सैन्य किंवा पोलीस दलातूनच जातात. आजवर दोन लाखांहून अधिक भारतीयांनी शांतिमोहिमांत काम केले आहे. लष्करातील मेजर सुमन गवाणी यांना दक्षिण सुदानमधील कामासाठी २०१९ चा, तर मेजर राधिका सेन यांना काँगोमधील कामासाठी २०२३ चा संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. वैयक्तिक पातळीवर जाऊ इच्छिणाऱ्या पोलीस अधिकाऱ्यांची भाषा, नेमबाजी आणि मोटार चालवणे यांत परीक्षा होते. ज्या मुलींना घरात स्कूटरच्या पलीकडे चावी मिळालेली नाही, त्यांनी याची वेळीच दखल घ्यावी!

नागरिकांसाठी संयुक्त राष्ट्र स्वयंसेवक हा मार्ग तुलनेने सोपा आहे. त्यात पगार नसतो, निर्वाहभत्ता असतो, पण अनुभव खरा मिळतो. ३२ वर्षांपर्यंतच्या पदवीधरांसाठी तरुण व्यावसायिकांची स्पर्धा परीक्षाही असते. ती ठरावीक देशांच्या नागरिकांनाच देता येते आणि देशांची यादी दरवर्षी बदलते. तेव्हा अभ्यासाला बसण्यापूर्वी त्या वर्षी भारताचे नाव यादीत आहे का, ते पाहावे.

आता घरच्यांनी विचारायचे प्रश्न. नेमणूक बहुधा वर्षा-दोन वर्षांच्या कराराची असते आणि मोहीम बंद झाली की नोकरीही संपते. माली सरकारने जा म्हणताच तिथली मोहीम २०२३ अखेर गुंडाळावी लागली. अमेरिकेची यूएसएड ही प्रचंड संस्था जुलै २०२५ मध्ये बंद झाली आणि जगभरातील हजारो अनुभवी माणसे एकदम काम शोधू लागली. नवख्यांना आज त्यांच्याशीच स्पर्धा करावी लागते. अनेक ठिकाणी पती, पत्नी किंवा मुलांना सोबत नेता येत नाही. ठरावीक आठवड्यांनी विश्रांतीची रजा मिळते, पण आईवडिलांचे आजारपण किंवा मुलाची दहावी त्या रजेची वाट पाहत नाही. मुलीला स्थळ पाहताना तर हा विषय आधीच स्पष्ट बोललेला बरा. करार हातात आला की विमा कोणत्या परिस्थितीत लागू होतो आणि धोका वाढल्यास बाहेर काढण्याची जबाबदारी कुणाची, ही दोन कलमे घरातल्या सर्वांनी बसून वाचावीत.

एक शेवटची सूचना. संयुक्त राष्ट्रे अर्ज, मुलाखत, प्रशिक्षण यांपैकी कोणत्याही टप्प्यावर पैसे घेत नाहीत. निळ्या बोधचिन्हाच्या कागदावर नेमणूकपत्र दाखवून कुणी व्हिसाचा किंवा वैद्यकीय तपासणीचा खर्च मागितला, तर ते पत्र घेऊन थेट पोलीस ठाण्यात जावे.