पॅडवरचा पाऊस

नाटकात पाऊस कसा पाडतात हे आमच्या घरात लहान पोरालाही ठाऊक असायचं. थोरले काका विंगेत सुपात वाटाणे घेऊन बसत आणि सूप हळूहळू कलतं करीत. वीज हवी असली की दोरीला टांगलेला पातळ पत्रा दोन्ही हातांनी धरून हलवायचा. घोडे करवंट्यांवर दौडायचे. पुढे कॅसेट आली, मग सीडी आली, आणि हौशी मंडळात काकांच्या जागी मी बसू लागलो. आवाज अस्सल झाले, पण एक गंमत गेली. नटानं वाक्याआधी जरा दम घेतला तर काकांचा पत्राही दम घ्यायचा. सीडी कुणासाठी थांबत नाही. म्हातारी "हे काय झालं?" म्हणून दचकायची, आणि वीज केव्हाच पडून गेलेली!

यंदा गणपतीला बंगळूरहून भाचा आला तो एक काळी पेटी घेऊन. लांब वहीएवढा आकार, किलोभर वजन, वर रबराची चौकोनी बटणं. "ह्याला फ्रेज सँपलर म्हणतात, मामा. नाटकाला वापरून बघ." रोलँड या जपानी कंपनीचं हे यंत्र, नाव एसपी-४०४ एमके-टू, बाजारात आलं २०२१ साली. पहिलं ४०४ आलं होतं २००५ मध्ये, आणि त्याच्याही आधी २००१ चं बॉस कंपनीचं ३०३. मूळ उपयोग आपल्या नाटकाचा नव्हे. अमेरिकेतली हिपहॉपवाली मंडळी जुन्या रेकॉर्डमधला सुरांचा एखादा तुकडा उचलून त्यावर गाणं रचतात, त्यासाठी हे. फ्रेज म्हणजे तो तुकडा. तुकडा यंत्रात भरायचा, एका पॅडला लावायचा, बोट ठेवलं की वाजतो. तत्त्व एवढंच.

पण हे एवढंच मला पुरेसं होतं. पंचवीस वर्षांनी आवाज पुन्हा बोटाखाली आला. पॅडवर 'गेट' नावाची सोय लावली की बोट दाबलेलं असेतो पाऊस, उचललं की उघडीप. हलकं दाबलं तर आवाज हलका, जोरात दाबलं तर मोठा. लॅपटॉपवर हे जमत नाही असं नाही, पण अंधाऱ्या विंगेत लॅपटॉपचा पडदा देवळातल्या समईसारखा तेवत असतो आणि पुढच्या रांगेतल्या पोरांचं सगळं लक्ष तिकडे. मोबाईलचं तर नावच नको. आमच्या एका प्रयोगात राजाच्या मृत्युशय्येवर गॅस एजन्सीचा फोन आला होता. शिवाय ही पेटी सहा पेन्सिल सेलवर चालते. हॉलमधली वीज गेली तरी आमची वीज चमकते! फक्त तिला स्वतःचा स्पीकर नाही, ती हॉलच्या ध्वनियंत्रणेला जोडावी लागते, आणि तिथे जनरेटर नसला तर ती चमकलेली कोणालाच कळत नाही.

आता दोषांकडे येतो. पॅड सोळा, आणि अशा सोळा-सोळांच्या दहा बँका. म्हणजे एका प्रकल्पात एकशे साठ आवाज, आणि असे सोळा प्रकल्प. ऐकायला श्रीमंती वाटते. पण पॅडवर नाव नाही, नुसता आकडा आणि रंगीत दिवा. तोच पॅड 'ए' बँकेत पाऊस, 'बी' बँकेत आगगाडी. पहिल्याच प्रयोगात माझ्या शर्टाच्या बाहीनं बँकेचं बटण दाबलं गेलं. रंगमंचावर सासूबाई भिजत आलेल्या मुलाला टॉवेल देताहेत आणि माजघरातून चक्क आगगाडी निघाली. त्या पॅडला गेट लावायचं मी विसरलो होतो. बोट उचललं तरी गाडी धडधडतच. आमची सौ. प्रॉम्प्टिंगला होती. माहेर धारवाडचं, त्यामुळे घाबरली की तिची मराठी तिला सोडून जाते. "अय्यो, बंद माड्री!" एवढ्या गोंधळातही त्यातला 'री' सुटला नाही, हे नमूद करतो. शेवटी आवाजाची खुंटीच पिळून शून्यावर आणली. दोष यंत्राचा नाही, माझाच. पण ज्या यंत्रात इतकं सोपं चुकता येतं त्याचा थोडा हिशेब यंत्राकडेही लागतोच. पुढच्या प्रयोगाला लागणारे सगळे आवाज एकाच बँकेत आणले, प्रत्येक पॅडखाली चिकटपट्टी लावून मराठीत नाव लिहिलं. दोन अंकी नाटकाला सोळा आवाज पुरतात.

दुसरा दोष खोल आहे. यात आवाजावर घुमारा, जुन्या रेकॉर्डची खरखर, असे बरेच संस्कार करता येतात आणि तसा संस्कारित आवाज दुसऱ्या पॅडवर पुन्हा नोंदवता येतो. फार मोहाचं काम! पण आमटीत पडलेलं मीठ जसं काढता येत नाही तसा त्या नव्या नोंदीतला घुमारा काढता येत नाही. मूळ आवाज जपला नसेल तर गेला. मी दोन जपले नाहीत.

आणि तिसरा दोष काकांनी काढला.

काका आता पंच्याऐंशीचे. हाताला कंप आहे, पत्रा उचलवत नाही फारसा. भाचा म्हणाला, आजोबांची वीज भरून घेऊ या. पत्रा माळ्यावरून काढला, कडा गंजलेल्या. पूर्वीच्या ४०४ मध्ये आतच मायक्रोफोन होता, नव्यात नाही, म्हणून मंडळाचा माइक जोडला. काकांनी चार वेळा हलवला. कंपामुळे तो नुसता खुळखुळत राहिला. "होईना रे," म्हणून ते खाली ठेवायला गेले आणि ठेवता ठेवता असा काही गडगडला की स्वयंपाकघरातून सौ. धावत आली. मी कपाळाला हात लावला, कारण नोंद तर आम्ही बंद केली होती! भाच्यानं शांतपणे एक बटण दाबलं. हे यंत्र सतत कान उघडे ठेवून असतं. मागचे पंचवीस सेकंद तरी त्याच्या हाताशी असतात, ते परत मागता येतात. 'स्किप-बॅक' म्हणतात त्याला. काकांची वीज तिथे होती. या एका गुणासाठी मी बाकीचं बरंच माफ करायला तयार आहे.

काकांना पॅड दाबायला दिलं. थरथरतं बोट, पण पॅडला तेवढा दाब पुरतो. वीज पडली. पुन्हा दाबलं, पुन्हा पडली. पाचव्यांदा त्यांनी तोंड वाकडं केलं. "दर वेळी तीच वीज पडते की रे. आभाळात असं होतं होय?"

बरोबर आहे. सुपातला पाऊस दोनदा सारखा पडत नसे. मग दुसऱ्या दिवशी सकाळी, हात जरा स्थिर असताना, आणखी तीन गडगडाट घेतले. आता चार पॅडवर चार विजा आहेत, आणि कुठली केव्हा पाडायची ते काका ठरवतात. मागच्या प्रयोगाला खुर्ची टाकून माझ्याशेजारी विंगेत बसले होते. म्हातारीनं दम घेतला, काकांचं बोटही थांबलं.

भाच्याला यंत्र दिवाळीनंतर परत हवंय. मंडळानं स्वतःचं घ्यावं का, यावर बैठक आहे. एवढ्या पैशांत चांगली नवी हार्मोनियम येते आणि आमच्या जुनीचा भाता फाटलाय, असं खजिनदार म्हणतात, ते खोटं नाही. आवाज ठरल्या क्रमानं वाजवायचे असतील तर कुणाचाही जुना लॅपटॉप भागवेल, हे मीही त्यांना सांगितलं. नटासाठी थांबायचं असेल तर मात्र हेच हवं.

बैठक रविवारी आहे. काका येणार आहेत, पत्रा घेऊन.