कसब्यातली माडी आणि जर्मन पासपोर्ट

हिंजवडीत टू बीएचके घ्यायचा तर फंडा एकदम सोपा. सॅम्पल फ्लॅट बघायचा, सेल्सवाल्याची फुकटची कॉफी प्यायची, ब्रोशरमधल्या स्विमिंग पूलवर भाळायचं आणि पुढची वीस वर्षं ईएमआय भरायचा. पण कुणी ‘मला कसब्यात, वाड्यातलं जुनं घर घ्यायचंय’ असं म्हणालं, की पुणेकर आधी त्याच्याकडे दयेने बघतात आणि मग ओळखीतला वकील सुचवतात. त्यातून असं म्हणणारी व्यक्ती जर्मन पासपोर्टवाली असेल, तर मग विचारूच नका!

माझी एक मैत्रीण सध्या याच नादात आहे. शाळा संपल्यावर ती आई-बाबांबरोबर स्टुटगार्टला गेली आणि पुढे तिथलीच नागरिक झाली. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, त्यामुळे इकडचा पासपोर्ट गेला आणि हातात ओसीआय कार्ड आलं. दीड-दोन वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याला चाकणला पोस्टिंग मिळालं आणि दोघं पुण्यात आली. नवरा अस्सल जर्मन. हिची आजी चाळीस वर्षं कसब्यातल्या एका वाड्यात राहिली, म्हणून हिला त्याच आळीत माडी हवीय. कडीपाट, सागवानी खांब, खाली चौक, चौकात तुळस. बाजूच्या तांबट आळीतून ठोक्यांचा आवाज आला, की नवराही खूश!

‘पण मी फॉरेनर ना गं? मला विकत मिळेल का?’ हा तिचा पहिला प्रश्न. तुमच्यापैकी अनेकांचे भाऊ, बहिणी, मित्र तिकडे सेटल झालेत, म्हणून उत्तर नीट वाचा. ओसीआयवाल्यांना भारतात राहतं घर किंवा ऑफिस घ्यायला रिझर्व्ह बँकेची वेगळी परवानगी लागत नाही. शेतजमीन, मळे आणि फार्महाऊस मात्र विकत घेता येत नाही. पैसे बँकेतूनच यायला हवेत, म्हणजे परदेशातून थेट किंवा एनआरई, एनआरओ खात्यातून. बॅगेतून आणलेल्या युरोच्या नोटा चालत नाहीत.

आता नवरोबा. ओसीआय बायकोचा परदेशात राहणारा नवरा भारतीय वंशाचा नसला, तरी लग्न रजिस्टर असेल आणि त्याला सलग दोन वर्षं झाली असतील, तर तिच्याबरोबर जॉइंट नावावर एक घर त्याला घेता येतं. आणि नोकरीसाठी येऊन आधीच्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांपेक्षा जास्त इथे राहिलेला परदेशी माणूस ‘रहिवासी’ म्हणून एकट्याच्या नावावरही घर घेऊ शकतो. पाकिस्तान, बांगलादेश, चीन, नेपाळ अशा काही देशांच्या नागरिकांना मात्र आधी रिझर्व्ह बँकेकडे जावं लागतं. टुरिस्ट व्हिसावर आलेल्यांनी घर नुसतं बघावं. २००० नंतरच्या दशकात गोव्यात अशी घरं घेतलेल्या बऱ्याच परदेशी मंडळींच्या मागे चौकशा लागल्या होत्या.

थोडक्यात काय, सरकारला ही जोडी चालते. खरी परीक्षा घेतो तो वाडा.

पहिला पेपर: विकणारा नक्की काय विकतोय? एजंटने त्यांना दाखवलेली पहिली माडी अगदी ‘स्वस्तात’ होती. वकिलांनी कागद बघितले तेव्हा कळलं, की विकणारे गृहस्थ मालक नव्हतेच. ते भाडेकरू होते आणि विकत होते ती पागडी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा. त्याने पागडीच्या व्यवहाराला कायद्यात जागा दिली हे खरं, पण पागडी देऊन तुम्ही होता भाडेकरू, मालक नाही. होम लोनसाठी बँकही सहसा दारात उभं करत नाही. माझी मैत्रीण त्या दिवशी जरा गप्पच झाली. कारण तिची आजीही भाडेकरूच होती. चाळीस वर्षं जे ‘आजीचं घर’ होतं, ते कागदावर आजीचं कधीच नव्हतं.

दुसरा पेपर: मालक कोण? शहरात सातबारा नाही, तर सिटी सर्व्हे ऑफिसातलं प्रॉपर्टी कार्ड बघायचं आणि वकिलाकडून निदान तीस वर्षांचा सर्च काढायचा. त्यांना आवडलेल्या दुसऱ्या वाड्याच्या कार्डावर पणजोबांचं नाव होतं आणि पणजोबांच्या मागे वारस नऊ. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलींना मुलांइतकाच हक्क मिळाला, त्यामुळे लेकींच्या सह्याही हव्यात. गंमत बघा, या नऊ जणांतले चार परदेशात! त्यांची कुलमुखत्यारपत्रं तिकडच्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित होऊन यायची आणि इथे पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर स्टॅम्प ड्युटी भरायची. म्हणजे कसब्यातला वाडा विकणारेही तिकडचे आणि घेणारेही तिकडचे. इथे हजर आहे तो फक्त पुतण्या, आणि त्याला टोकनची घाई झालीय.

तिसरा पेपर सगळ्यात अवघड: शनिवारवाडा किती लांब आहे? शनिवारवाडा हे केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक. २०१० च्या दुरुस्तीनंतर अशा स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरात परवानगीशिवाय काही करता येत नाही. दुरुस्ती करता येते, पण तीही परवानगी घेऊन. त्यांचा वाडा त्या १०० मीटरात येतो. ‘मग तर छानच! कोणी पाडणार नाही,’ असं नवरोबा म्हणाले. चौकात उभ्या असलेल्या एका काकांनी शांतपणे उत्तर दिलं, ‘पाडणार नाहीत, पडेल.’ भिंतीला फुगा आलाय, तुळई वाळवीने खाल्लीय. दर पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते. जे आपल्याला ‘हेरिटेज’ वाटतं, त्याच्या खाली कोणीतरी पावसात बादल्या लावून झोपतं. मेट्रोचं कसबा पेठ स्टेशन २०२४ मध्ये सुरू झालं, जमिनीचे भाव बोलायला लागले, पण या बादल्या तिथेच आहेत.

आणि त्या माडीवर एक आजी राहतात. भाडेकरू, वय ऐंशीच्या पुढे. पुतण्या म्हणाला, ‘त्यांचं आम्ही बघतो, तुम्हाला रिकामा ताबा मिळेल.’ माझी मैत्रीण आजींना भेटायला गेली. तिचा पासपोर्ट कुठला, हे त्यांनी विचारलंच नाही. ‘तू कुणाची गं?’ एवढंच विचारलं आणि आजीचं नाव ऐकल्यावर चहा टाकला. त्या चहानंतर ‘रिकामा ताबा’ हे दोन शब्द तिच्या घशाखाली उतरेनात.

‘तिचा ताबा काढून मी माझ्या आजीचं घर परत मिळवायचं?’ ती मला म्हणाली. यावर माझ्याकडे काही उत्तर नव्हतं.

टोकन दिलं नाही. पुतण्या जाम वैतागला, एजंटने फोन उचलणं बंद केलं. दोघांनी त्याच आळीत एका साध्या बिल्डिंगमध्ये अकरा महिन्यांच्या करारावर दोन खोल्या घेतल्या. वकील नऊ वारसांशी बोलताहेत, पण आता अट बदललीय: आजी आहेत तोवर त्या भाडेकरू म्हणून तिथेच राहतील आणि खरेदीखतात तसं लिहायचं. किंमत त्यामुळे कमी व्हायला हवी, असं वकील म्हणतात. ती वाढायला हवी, असं पुतण्या म्हणतो. नवरोबा दुरुस्तीच्या परवानगीचे फॉर्म वाचताहेत आणि ‘आमच्याकडेही असंच असतं’ असं म्हणून खूश आहेत.

तेव्हा तुमच्या डोक्यात पेठेतल्या घराचं खूळ असेल, तर पासपोर्टचं टेन्शन सगळ्यात शेवटी घ्या. आधी प्रॉपर्टी कार्ड काढा, वारस मोजा, शनिवारवाड्यापासून टेप लावा आणि माडीवर कोण राहतं, ते स्वतः जिना चढून बघा. घर पाहावं बांधून, असं म्हणतात. कसब्यात ते आधी पाहावं राहून.