भजन पुन्हा चौकात येऊ द्या

लिंबायत, डिंडोली, उधना, नवागाम. सुरतच्या या पट्ट्यात दिवेलागणीला फिरा, अहिराणी कानावर पडल्याशिवाय राहत नाही. भाजीच्या लारीवर, रिक्षात, दवाखान्याच्या बाकावर, सगळीकडे जळगाव, धुळे, नंदुरबार भेटतं. तापी खानदेशातून सुरतला येते, आणि तिच्या खोऱ्यातून येणाऱ्या रेल्वेने आपलीही माणसं आली. येताना भाषा आणली, कानबाई आणली, विठोबा आणला आणि कापडात गुंडाळलेली पेटीही आणली. यातलं बाकी सगळं अजून आहे. उघड्यावरचं भजन मात्र हातातून निसटायला लागलंय आणि ते धरून ठेवायचं असेल तर बोलायची वेळ आत्ताच आहे.

मी देवळातल्या सप्ताहाबद्दल बोलत नाही. सप्ताह होतात, थाटात होतात. मंडप असतो, महाराज असतात, मोठाले भोंगे असतात. मी बोलतोय ते गल्लीतल्या आठ-दहा जणांबद्दल. सतरंजी टाकायची, मधे पेटी, एका बाजूला पखवाज, बाकीच्यांच्या हातात टाळ. पेटीवाला दिवसा प्रोसेस हाऊसमध्ये रंग कालवतो, पखवाजी कापड मार्केटमध्ये पार्सलं उचलतो. बिदागी कुणालाच नाही. फार तर कुणाच्या घरून चहा येतो.

पखवाज लागताना पाहिलाय का कधी जवळून? घरून वाटीत भिजवलेली कणीक येते. ती डाव्या पुडीवर मधोमध थापायची, बोट ओलं करून कडा बसवायच्या, एक थाप मारून ऐकायचं, मग थोडी काढायची, परत ऐकायचं. उजवी बाजू पेटीच्या सुराला येईपर्यंत हातोडीने गठ्ठे ठोकायचे. एवढं होईपर्यंत गल्लीतली पोरं भोवती गोळा झालेली असतात, कारण पोळीची कणीक वाद्याला कशाला, हा प्रश्न प्रत्येक पोराला पडतोच. भजन संपलं की कणीक खरवडून पुडी स्वच्छ करायची. हे काम पूर्वी धाकट्यांकडे असे आणि तिथूनच त्यांचा हात पखवाजावर जाई. आता ती खरवडायला कुणी नाही, म्हणून पुढचा पखवाजीही नाही.

कारणं सगळ्यांना माहीत आहेत. ओटे गेले, फ्लॅट आले, खाली पार्किंग झालं. मोबाइलला तर उगाच बोल लावतो आपण. लूमच्या खात्यात बारा तासांची पाळी करून आलेल्या माणसाला रात्री दहाला भजनाला बस म्हणणं हा अन्यायच आहे. तरी मला सर्वांत जास्त राग येतो तो डीजेचा. दिवसभर मागांचा खडखडाट सोसलेल्या कानांवर आपणच वर्गणी काढून आणखी खडखडाट घालतो आणि त्याला उत्सव म्हणतो! एकदा डीजे आला की टाळ ऐकू येत नाहीत, आणि ऐकू येत नाही ते वाजवणार कोण?

कोकणातली माणसं मुंबईला गेली, तीही गिरण्यांतच राबली. त्यांनी चाळीत भजन टिकवलं. डबलबारीचे सामने आजही लागतात, समोरासमोर दोन बुवा बसतात आणि लोक तिकीट काढून ऐकतात. मुंबईच्या लोकलमध्ये तर जागा नसताना माणसं भजन करत आली. आपल्याकडे सुरतेत जागा त्याहून बरी आणि माणसंही काही कमी नाहीत. कमी पडतो तो आग्रह. हे कडू वाटेल, पण आहे तसं आहे.

आता वेळेचं बोलू. कायदा आपल्या विरोधात आहे असं काही मंडळी म्हणतात. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत आणि २०१० च्या दुरुस्तीनंतर रात्री १० ते सकाळी ६ या वेळात उघड्यावर नुसती वाद्यंही वाजवता येत नाहीत. म्हणजे जेवणं आटोपून दहाला बसायचं आणि बाराला भैरवी, ही जुनी घडी मोडावी लागेल. मोडू या. दिवसपाळी सातला सुटते. सव्वाआठला बसा, पावणेदहाला उठा. आठवड्यातून एकदा, स्पीकर न लावता, दीड तास. शेजारी कुणी आजारी असेल, परीक्षा असेल तर जागा बदला. आवाज मंडळाच्या गळ्यातून आणि हातातून निघेल तेवढाच.

पैशाचा प्रश्न तर मला हास्यास्पद वाटतो. गणपतीच्या वर्गणीतून डीजेवर जातात त्यातला एक वाटा बाजूला काढा. एक पखवाज, टाळांचे चार-सहा जोड आणि जुन्या पेटीची दुरुस्ती, एवढंच लागतं, आणि ते मंडळाच्या मालकीचं होतं. डीजेवाला दुसऱ्या दिवशी टेम्पो भरून निघून जातो.

शिकवायचं कुठे? सुरत महापालिकेच्या मराठी शाळा आहेत. तिथे आपलीच पोरं शिकतात. शाळा सुटल्यावर एक वर्ग आठवड्यातून दोनदा मिळावा, असा अर्ज पालकांनी सह्या करून द्यावा. लिंबायत-उधन्याला खानदेशी मतांची किंमत पुढाऱ्यांना चांगली कळते. निवडणुकीला ते अहिराणीत बोलतात. मग एका वर्गाची किल्ली मागायला आपण का लाजावं?

बायकांचं वेगळं सांगायला हवं, कारण खरा ठेवा त्यांच्याकडे आहे. नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी कानबाई बसते. रोटांचा स्वयंपाक होतो, रात्रभर जागरण आणि सोमवारी विसर्जन. त्या रात्रीची गाणी कुठल्या वहीत नाहीत, साठीच्या पुढच्या आयाबायांच्या तोंडी आहेत. एक सुरू करते, दुसरी उचलते, तिसरी मधेच आपल्या गावचं कडवं घालते आणि त्यावरून थोडं भांडणही होतं. बहिणाबाई चौधरी १९५१ साली गेल्या. मुलाने, सोपानदेवांनी, त्यांची गाणी उतरवून जपली म्हणून १९५२ मध्ये पुस्तक निघालं. नाहीतर तीही जात्याबरोबरच गेली असती. तुमच्या आजीची गाणी उतरवणारा सोपानदेव बाहेरून येणार नाही. यंदाच्या जागरणाला फोन तिच्यासमोर ठेवा, पण रेकॉर्डिंग करून थांबू नका. सुनांना, नातींना शेजारी बसवा आणि म्हणायला लावा.

गल्लीत फक्त आपणच राहत नाही, हेही खरं. शेजारी गंजामहून आलेला ओडिया कामगार असतो, वरच्या मजल्यावर गुजराती कुटुंब. त्यांना त्रास होईल या भीतीने गप्प बसण्यापेक्षा त्यांना बोलवा. झांज आणि मृदंग ओडिया कीर्तनातही आहेत, मंजिरा गुजराती भजनातही. महिन्यातली एक बैठक त्यांच्या गाण्याची ठेवा. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत १९८५ पासून निवडलेल्या वादकांना वाजवायला जागा ठरवून दिल्या जातात. सुरतच्या बागांमध्ये आठवड्यातली एक संध्याकाळ बिनास्पीकरच्या गाण्याला द्या, अशी मागणी तिन्ही भाषांच्या लोकांनी मिळून केली तर ती नाकारणं महापालिकेलाही जड जाईल.

तेव्हा आषाढी येण्याआधी एवढं करा. आपल्या गल्लीत पेटी कुणाच्या पोटमाळ्यावर आहे ते विचारा. भाता फाटला असेल, शिवून मिळतो. टाळ कुणाच्या देव्हाऱ्यामागे पडले असतील, ते मागून आणा. आठ माणसं जमली नाहीत तर चौघांनी बसा. पखवाजी मिळेपर्यंत ढोलकीवर भागवा, आणि कणकेची वाटी मात्र घरच्या धाकट्यालाच आणायला सांगा.