पावसाचे गणित आणि बॉम्बचे गणित

मे 1998 मध्ये पोखरणच्या चाचण्या पुऱ्या झाल्या, तेव्हा सरकारने निवेदनात त्यांचा एक हेतू सांगितला होता : संगणकीय प्रतिरूपणासाठी अधिक माहिती मिळवणे. याचा अर्थ इतकाच की, अण्वस्त्रांचे पुढील संशोधन वाळवंटातून महासंगणकात गेले. आवाज थांबला, काम थांबले नाही.

1980 च्या दशकात अमेरिकेने भारताला क्रे महासंगणक दिला तो केवळ हवामानाच्या अंदाजासाठी, आणि तोही कडक अटींवर. या नकाराला उत्तर म्हणून 1988 साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि 1991 साली 'परम 8000' तयार झाला. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानेही त्याच सुमारास 'अनुपम' ही मालिका हाती घेतली. या स्वावलंबनाचा अभिमान आम्हांसही आहे. परंतु अभिमान म्हणजे हिशेबातून सुटका नव्हे.

पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत 2024 पासून 'अर्क' महासंगणक मान्सूनचे गणित मांडतो. ते चुकले तर पारनेर-पाथर्डीच्या कोरडवाहू शेतकऱ्याला आठवडाभरात कळते, आणि तो ते चारचौघांत बोलूनही दाखवतो. बॉम्बचे गणित बरोबर की चूक, हे मात्र पुन्हा स्फोट केल्यावाचून पडताळता येत नाही. 2009 साली पोखरणच्या कामात सहभागी असलेले के. संथानम यांनी हायड्रोजन बॉम्बची चाचणी अपेक्षेप्रमाणे झाली नाही, असे जाहीरपणे म्हटले. आर. चिदंबरम व अनिल काकोडकर यांनी ते नाकारले. खरे कोणाचे, हे ठरवण्याचे साधन ना नागरिकाजवळ होते, ना संसदेजवळ. 1962 च्या अणुऊर्जा कायद्याने माहिती रोखण्याचा अधिकार सरकारच्या हाती दिला होता.

संरक्षणाची किंमत अहिल्यानगर जिल्ह्याला नवी नाही. के. के. रेंजच्या सरावक्षेत्रालगतची राहुरी, पारनेर व नगर तालुक्यांतील गावे ती जमिनीच्या रूपाने ओळखतात. तोफेचा गोळा निदान ऐकू येतो. महासंगणकातील स्फोट ऐकूही येत नाही. म्हणूनच तेथे लोकांची देखरेख अधिक हवी.

बॉम्बचे आराखडे उघडे करा, असे कोणी म्हणत नाही. परंतु या संशोधनावर किती खर्च होतो, ते कोणत्या मर्यादेत चालते आणि स्वेच्छेने पाळलेली चाचणीबंदी नव्या अस्त्रांची आडवाट तर होत नाही ना, हे संसदेच्या समितीने तपासलेच पाहिजे. ज्या जनतेच्या नावाने बॉम्ब बनतो, तिला एवढे विचारण्याचाही अधिकार नसेल, तर तिचे रक्षण होते आहे असे म्हणता येणार नाही.