गाडी रोज पुसू नका!

मंडळी, मत आधी सांगतो आणि कारणं मागाहून, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांची सोय होईल. गाडीचा रंग टिकवायचा असेल तर तिला हात कमी लावा. रोज सकाळी कोरड्या फडक्याने गाडी पुसणं आणि दर सर्व्हिसिंगला रबिंग-पॉलिश मारून घेणं, या दोन्ही गोष्टी आपण काळजी म्हणून करतो. माझ्या मते रंगाची वाट लावण्यात त्यांचा वाटा उन्हापावसाहून कमी नाही.

"हा अमेरिकेत बसून आम्हाला गाडी पुसायला शिकवणार!" असं कुणाच्या मनात आलं असेल, तर रास्तच आहे. पण इथल्यांचं कौतुक करायला मी बसलेलो नाही. मी राहतो डेट्रॉईटच्या एका उपनगरात, म्हणजे मोटारींच्या माहेरीच. इथे मजुरी महाग, त्यामुळे ज्याची गाडी त्याने धुवायची. मे महिना उजाडला की शनिवारी घरोघरच्या बादल्या, पाइप आणि फडकी बाहेर येतात. दुकानात या सामानाची आख्खी रांग असते. शाम्पू, वॅक्स, सीलंट, कंपाउंड, कोटिंग, चाकांचं वेगळं, काचेचं वेगळं. आपल्याकडची खोड रोज पुसण्याची, तर इथल्या हौशी मंडळींची खोड दर वसंतात मशीन लावून घासण्याची. मुळाशी गैरसमज मात्र एकच, की चकाकी म्हणजे रक्षण.

तसं ते नाही. का नाही, ते कळायला गाडीच्या रंगाचे थर थोडे उलगडून बघू.

पत्र्याला लागून गंज अडवणारा थर असतो. त्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर. सगळे मिळून जाडी भरते साधारण १०० ते १५० मायक्रॉन. त्यातला क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉनचा. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो, म्हणजे हा थर केसाहूनही बारीक! गाडीची चकाकी याच थराची, आणि अतिनील किरणांपासून खालच्या रंगाला वाचवण्याचं कामही यातल्याच रसायनांचं. कारखान्यात तो एकदाच मिळतो, नखासारखा पुन्हा वाढत नाही.

आता पॉलिश काय करतं ते बघा. ओरखडा म्हणजे या थरात पडलेली चर. घासायचं पॉलिश ती चर भरत नाही, आजूबाजूची जमीन तासून चरीच्या तळाशी आणतं. ओरखडा "जातो", कारण त्याच्या शेजारचा थर आपण काढून टाकलेला असतो. एका जोरदार घासणीत दोन-चार मायक्रॉन सहज जातात. ४०-५० आहेत म्हणून सगळे उधळता येत नाहीत. थर फार पातळ झाला की ऊन त्याला खातं, टपावर आणि बॉनेटवर पांढुरके डाग पडतात, मग पापुद्रे सुटतात. तिथे जगातलं कुठलंही पॉलिश कामाचं नाही. गाडी रंगवायलाच न्यावी लागते. थोडक्यात, ही मोडून खायची ठेव आहे, हिच्यावर व्याज मिळत नाही.

मग पॉलिशची ही सवय आली कुठून? आपल्या वडीलधाऱ्यांना वेड्यात काढू नका, त्यांच्या काळात ते बरोबरच होतं. १९२४ सालच्या ओकलंड गाड्यांवर जनरल मोटर्सने ड्यूको नावाचा झटपट वाळणारा लॅकर वापरला आणि रंग वाळवण्याचे दिवस तासांवर आले. पुढे कित्येक दशकं लॅकर असो की इनॅमल, रंगावर वेगळा पारदर्शक थर नसे. रंगद्रव्य वरपर्यंत असायचं. उन्हाने वरचा भाग खडूसारखा भुकटी व्हायचा. पॉलिशने तो मेलेला भाग निघायचा आणि खालचा ताजा रंग वर यायचा. जुनी अँबॅसेडर किंवा पद्मिनी पुसलेली असेल तर आठवेल, फडक्याला गाडीचाच रंग लागायचा. १९८० च्या दशकात क्लिअर कोटचा प्रसार झाला, रंगाची सगळी रचना बदलली, पण आपले हात जुन्याच सवयीने चालत राहिले.

राहिलं रोजचं पुसणं. आपल्या धुळीत वाळूचे, म्हणजे क्वार्ट्झचे कण असतात. कठीणपणाच्या मोहस मोजपट्टीवर क्वार्ट्झ ७ वर, आणि खिडकीची काच साधारण साडेपाचवर. जो कण काचेवर चरा पाडतो, तो क्लिअर कोटसारख्या प्लास्टिकच्या जातीच्या थराचं काय करेल? कोरड्या फडक्याने धूळ पुसणं म्हणजे अतिशय बारीक पॉलिश पेपर फिरवणं. खोटं वाटत असेल तर गाडी भर उन्हात उभी करा आणि बॉनेटमध्ये सूर्याचं प्रतिबिंब बघा. भोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळं दिसतील. खरं तर ते ओरखडे सगळ्या दिशांना असतात. प्रकाशाला आडवे येणारे तेवढेच चमकतात, म्हणून गोल भासतात. गडद रंगाच्या गाडीवर ते फारच उठून दिसतात.

मग करायचं काय? घरच्या घरी जमेल असं सांगतो.

गाडी सावलीत आणि पत्रा गार असताना धुवा. आधी नुसतं पाणी सोडून सुटी धूळ वाहून जाऊ द्या, हात लावू नका. मग दोन बादल्या घ्या, एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचं फडकं शाम्पूत बुडवा, टपापासून खाली या आणि दर भागानंतर ते साध्या पाण्यात खळबळून घ्या, म्हणजे माती शाम्पूच्या बादलीत जाणार नाही. चाकांचं फडकं कायम वेगळं. भांड्यांचा साबण नको, तो चिकटपणा काढण्यासाठीच केलेला असतो आणि लावलेलं वॅक्सही काढतो. शेवटी टॉवेलने टिपून घ्या, रगडू नका. बोअरिंगच्या जड पाण्यात तर हे टिपणं टाळूच नये. पाणी आपोआप वाळलं की क्षारांचे ठिपके पडतात आणि उन्हात पक्के बसतात.

पाण्याची टंचाई असेल तर न खळबळता धुण्याचं द्रावण मिळतं, इथे त्याला रिन्सलेस वॉश म्हणतात. बादलीभर, म्हणजे सात-आठ लिटर पाण्यात आख्खी गाडी होते. गाडी चिखलाने लडबडलेली असेल तर मात्र आधी पाणी मारायलाच हवं.

यानंतर रक्षण. कार्नोबा वॅक्स हे ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण. दिसतं सुंदर, पण आपल्या उन्हात काही आठवडेच टिकतं. कृत्रिम सीलंट काही महिने. सिरॅमिक कोटिंग सिलिकावर आधारलेलं असतं आणि नीट लावलं तर दोन-तीन वर्षंही जातं. पण जाहिरातीतल्या "नऊ एच" ला भुलू नका. ती मोजपट्टी पेन्सिलीच्या शिशाची आहे, मोहसची नव्हे. सिरॅमिकवरही कोरडं फडकं फिरवलं तर ओरखडे पडतात, आणि उडालेला खडा ते अडवत नाही. सर्व्हिस सेंटरात "टेफ्लॉन" म्हणून जे विकतात, त्या नावालाही भुलू नका. टेफ्लॉन तव्यावर बसवायला ३०० अंश सेल्सियसहून जास्त तापवावं लागतं. तुमची गाडी कुणी एवढी भाजणार आहे का?

शिवाय रक्षण कशापासून, हे गावागणिक बदलतं. आमच्याकडे खरा शत्रू मीठ. हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर ते टनावारी टाकतात, आणि गंमत म्हणजे खुद्द डेट्रॉईट शहराच्या पोटात सुमारे १,२०० फूट खोल मिठाची खाण आहे. हे मीठ गाडी खालून खातं. बॉनेटवर कितीही उंची वॅक्स चोपडलं तरी खालचा सांगाडा पाण्याने धुतला नाही तर गंज चढायचा तो चढतोच. तरीही इथले लोक बॉनेटच घासत बसतात, कारण शेजाऱ्याला बॉनेट दिसतं! आपल्याकडे शत्रू म्हणजे ऊन, धूळ, जड पाणी आणि पक्ष्यांची विष्ठा. ती आम्लधर्मी असते, तापलेल्या पत्र्यावर तासाभरातही डाग धरू शकते. ती मात्र लगेच, ओल्या फडक्याने भिजवून हलकेच उचला. "पुसू नका" या नियमाला एवढा एक अपवाद.

आता मुद्द्याची गोष्ट. सोसायटीत पहाटे गाड्या पुसणारा माणूस एका बादलीत आणि एका फडक्यात ओळीने गाड्या उरकतो, तो त्याचा आळस नव्हे. आपणच त्याच्या कामाचं माप तसं ठरवलंय. आठ वाजता गाडी चकचकीत दिसली पाहिजे, रोज दिसली पाहिजे, आणि महिन्याचे पैसे मात्र घासाघीस करून द्यायचे. पाणी किती, फडकं कसलं, हे आपण कधी विचारत नाही. एक दिवस हात फिरवला नाही की "आज आला नव्हतास का रे?" एवढं मात्र आवर्जून विचारतो.

माझं म्हणणं असं, की त्याला आठवड्यातून दोनदाच, पण भरपूर पाण्याने गाडी धुवायला सांगा आणि पगार तेवढाच ठेवा. चार मायक्रोफायबरची फडकी आणि दुसरी बादली आपल्या खर्चाने आणून द्या. हा सगळा खर्च एका रबिंग-पॉलिशपेक्षा कमीच येईल. त्याला पहाटे थोडी उसंत मिळेल आणि तुमच्या क्लिअर कोटलाही. पैसे कापून दिवस कमी केलेत, तर तो ते भरून काढायला आणखी चार गाड्या घेईल, फडकं पुन्हा कोरडं होईल आणि सगळं होतं तिथेच येईल.

मधल्या दिवसांत गाडीवर धूळ दिसेल. दिसू द्या. नुसती बसलेली धूळ ओरखडे पाडत नाही, ओरखडे पडतात ती रगडल्याने. "काय हो, गाडी धुतली नाही वाटतं?" असं शेजारच्या काकांनी विचारलं, तर त्यांना त्यांच्याच बॉनेटमधलं सूर्याचं प्रतिबिंब दाखवा.